अपंगांची स्कूटर आणि विमानप्रवास

मोबिलिटी स्कूटर हे नाव आपल्या गावात अजून रुळलेले नाही; म्हणून ही वस्तू कोणती, ते आधी सांगितले पाहिजे. पेट्रोलवर धावणारी आपली नेहमीची स्कूटर ती ही नव्हे. बसायला हात असलेली एक खुर्ची, पाय ठेवायला सपाट फळी, पुढे सायकलच्या हँडलासारखा दांडा, खाली तीन किंवा चार लहान चाके आणि बैठकीखाली बॅटरी व मोटार, एवढाच तिचा थाट. वेग माणसाच्या चालीइतका, फार तर थोडा अधिक. ज्या माणसाला दहा पावले टाकता येतात परंतु शंभर टाकता येत नाहीत, त्याच्यासाठी ती आहे. संधिवाताने गुडघे गेलेली गृहिणी, अर्धांगातून उठलेला मनुष्य, लहानपणी पोलिओ होऊन गेलेला आणि उतारवयात पायांतली उरलीसुरली शक्ती हरपत चाललेला गृहस्थ, असे तिचे स्वार. ज्यांना दहा पावलेही टाकता येत नाहीत आणि पाठीला व मानेला आधार लागतो, त्यांना विजेवर चालणारी चाकांची खुर्ची लागते. ती या स्कूटरची थोरली बहीण म्हणावी. विमानाच्या दाराशी दोघींचे नशीब सारखेच असल्यामुळे मी दोघींविषयी एकत्रच बोलणार आहे.

सरकारी कागदांत हल्ली ‘दिव्यांग’ हा शब्द असतो. ज्या माणसांकडून मी हा विषय शिकलो ती स्वतःला अपंगच म्हणवतात. तेव्हा मीही तोच शब्द वापरतो.

या वस्तू कोणी काढल्या हे सांगण्यासारखे आहे. घडी घालून मोटारीत टाकता येईल अशी पोलादी नळ्यांची चाकांची खुर्ची १९३३ साली अमेरिकेत हर्बर्ट एव्हरेस्ट आणि हॅरी जेनिंग्ज या दोन मित्रांनी बनवली. यांपैकी एव्हरेस्ट हा खाणीत काम करणारा अभियंता. खाणीतल्या अपघातात त्याचा कणा मोडला होता, आणि आपल्याला बाहेर पडता यावे म्हणून त्याने मित्राला कामाला लावले. स्कूटरची गोष्ट तर आणखी जवळची. मिशिगन राज्यात अ‍ॅलन थीम नावाचा एक प्लंबर होता. नळ आणि पाइप हा त्याचा धंदा. त्याच्या पत्नीला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार जडला. तिच्यासाठी १९६८ साली त्याने पहिली स्कूटर तयार केली. स्पॅनिश भाषेत मित्राला ‘अमिगो’ म्हणतात. ते नाव त्याने तिला दिले. हत्यारे हाताळणाऱ्या माणसांनी घरच्या गरजेपोटी काढलेल्या या वस्तू आहेत, आणि त्या पुढे कोणत्या हातांत जातात हाच माझ्या विवेचनाचा मुख्य भाग आहे.

आता प्रवासाला निघू. आपल्या गावातल्या कितीतरी घरांतली मुले परदेशी आहेत. एखाद्या घरची आई मुलाकडे निघाली आहे आणि तिच्याजवळ मुलाने पाठवलेली स्कूटर आहे असे समजा. बोटीवर किंवा आगगाडीत ती स्कूटरवर बसून निदान आत शिरण्याची आशा तरी धरू शकते. विमानात ती सोय नाही. विमानाच्या दोन रांगांमधली वाट इतकी अरुंद असते की नेहमीची चाकांची खुर्चीसुद्धा तीतून जात नाही. म्हणून दाराशी स्कूटर सोडून द्यावी लागते, तिथून विमान कंपनीच्या एका अगदी अरुंद खुर्चीवर पट्ट्यांनी बांधून घ्यावे लागते आणि मग दोन माणसांनी उचलून आसनावर ठेवायचे. इकडे स्कूटर सामानाच्या पट्ट्यावरून किंवा उतरंडीवरून खाली जाते आणि विमानाच्या पोटात सुटकेसांच्या रांगेत पडते. आई वर, तिचे पाय खाली. पुढचे काही तास तिला स्वतःहून संडासापर्यंतही जाता येत नाही. आदल्या दिवसापासून पाणी न पिता प्रवास करणारे अपंग उतारू पुष्कळ आहेत, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊकही नसते.

स्कूटर विमानाच्या पोटात कशी जाते ते नीट पाहिले पाहिजे, कारण सगळे मोडते ते तिथेच. आपल्या देशांतर्गत मार्गांवर बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२० या दोन कुळांची विमाने सर्वांत जास्त उडतात. बोइंग ७३७ च्या सामानाच्या दाराची उंची सुमारे ८५ ते ९० सेंटिमीटर, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याइतकी. एअरबस ए३२० चे दार साधारण १२० सेंटिमीटर उंच. विजेच्या चाकांच्या खुर्चीची पाठ जमिनीपासून मीटरभर किंवा त्याहून उंच असते. तेव्हा एका विमानात जी खुर्ची उभी आत जाते, तीच दुसऱ्या विमानात आडवी पाडल्याशिवाय जात नाही. आडवी पाडली म्हणजे दांडा वाकतो, हाताशी असलेला नियंत्रणाचा खुंट तुटतो, बैठकीचा साचा सरकतो. आत माल लावणारा कामगार उभा राहू शकत नाही. गुडघ्यावर बसून किंवा ओणवा होऊन तो काम करतो. वजन म्हणाल तर घडीच्या स्कूटरचे वीस ते तीस किलो, मोठीचे पन्नासाच्या पुढे, आणि विजेच्या खुर्चीचे शंभरापासून दीडशे किलोंपर्यंत. विमान जमिनीवर उभे असते अर्धा-पाऊण तास. त्यात सगळे सामान उतरवायचे आणि सगळे चढवायचे.

याच्या जोडीला एक यांत्रिक भानगड आहे, ती थोडक्यात सांगतो. आपल्या सायकलचा ब्रेक दाबला म्हणजे लागतो. या स्कूटरचा ब्रेक उलटा असतो. तो स्प्रिंगच्या जोरावर सदैव लागलेला असतो, आणि वीज सुरू झाली की एक चुंबक त्याला मागे खेचतो. रचना शहाणपणाची आहे. चढावर बॅटरी संपली तरी स्कूटर मागे घरंगळत नाही. परंतु किल्ली काढून स्कूटर सामानात दिली की तिची चाके जाम होतात. ती मोकळी करण्यासाठी मागच्या चाकांजवळ एक लहानशी खिटी असते. ती फिरवली की मोटार चाकांपासून सुटते आणि स्कूटर हाताने ढकलता येते. ही खिटी कोणी दाखवली नाही तर कामगार काय करणार? घाई असते, वस्तू जड असते आणि चाके हलत नाहीत. तो ती ओढतो, फरफटत नेतो, चौघांना बोलावून उचलतो, आणि उचलताना हाताला लागेल तो भाग धरतो. तो भाग बहुधा खुर्चीचा हात असतो. माणसाचे कोपर टेकण्यापुरताच तो घडवलेला असतो, सगळ्या यंत्राचे वजन पेलण्यासाठी नव्हे. विमानतळावर सामान चढवणाऱ्या मुलांशी माझे बोलणे झाले आहे. त्यांच्यापैकी एकालाही त्या खिटीची माहिती कोणी दिलेली नव्हती. ठेकेदार बदलतो, कंपनीची टोपी बदलते, मुले तीच राहतात, आणि शिकवण्याचा एक दिवसही कोणाच्या हिशेबात धरलेला नसतो.

ओझ्याचा प्रश्न आम्हा कामगार चळवळीतल्या लोकांना नवा नाही. आपल्या राज्याने १९६९ साली माथाडी कायदा केला तो पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसासाठीच. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९६७ साली, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने कमाल वजनाविषयी करार केला आणि त्याच्या जोडीच्या शिफारशीत प्रौढ पुरुषाने हाताने उचलायचे वजन ५५ किलोंच्या पुढे नसावे असे सुचवले. दीडशे किलोंची खुर्ची ओणव्याने ढकलणारा कामगार आणि ती मोडल्यामुळे अंथरुणाला खिळणारा उतारू यांना आपण एकमेकांचे वैरी समजतो. वर्तमानपत्रातले छायाचित्र पाहून शिव्या पडतात त्या कामगाराला. उचलण्याचे यंत्र, उतरंड आणि वेळ यांवर वाचवलेला पैसा ज्यांच्या खिशात गेला, ते त्या छायाचित्रात नसतात.

खुर्ची मोडली तर एवढे काय बिघडले, दुसरी द्यावी, असे कोणाला वाटेल. येथे थोडे वैद्यकशास्त्र लागते. ज्याच्या शरीराच्या खालच्या भागाला संवेदना नाही त्याला बसल्या जागी टोचते आहे हे कळत नाही. आपण न कळत कूस बदलतो तशी तो बदलत नाही. हाडाच्या टोकाशी रक्तपुरवठा थांबून तिथे व्रण होतो, आणि हा व्रण हाडापर्यंत जाऊ शकतो. म्हणून त्याची बैठक चपलेसारखी मापाने घडवलेली असते. २०२१ च्या जुलैत अमेरिकेतल्या एका अपंग कार्यकर्तीची अशी मापाची खुर्ची विमानप्रवासात मोडली. तिला बदली खुर्चीत तासन्‌तास बसावे लागले, व्रण चिघळला, आणि ऑक्टोबरअखेर ती वारली. मृत्यूचे मूळ त्या मोडक्या खुर्चीत आहे असे तिच्या सहकाऱ्यांनी जाहीरपणे सांगितले. स्कूटर वापरणाऱ्याला इतका धोका नसतो हे खरे. परंतु महिनाभर मुलाकडे गेलेली आई पहिल्याच दिवशी खोलीत कोंडली गेली तर तिच्या प्रवासाचा अर्थ काय उरला?

आता बॅटरीकडे वळतो. उतारूंची सर्वांत जास्त अडवणूक याच कारणावरून होते, आणि येथे अडवणाऱ्याच्या बाजूलाही सत्य आहे. जुन्या धर्तीच्या बॅटरीत शिसे आणि पातळ आम्ल असते. ती कलंडली आणि आम्ल सांडले तर विमानाच्या अ‍ॅल्युमिनियमला ते खाते. म्हणून अशी बॅटरी उभीच न्यावी लागते, नाहीतर काढून वेगळ्या पेटीत बंद करावी लागते. दुसऱ्या प्रकारात तेच आम्ल खळीसारखे घट्ट केलेले किंवा काचेच्या तंतूंच्या गादीत शोषलेले असते. ही न सांडणारी बॅटरी. हिचा त्रास सर्वांत कमी. तिसरा प्रकार लिथियमचा. ती वजनाला हलकी, म्हणून घडीच्या स्कूटरींत बहुधा तीच असते. हिचा दोष असा की आत कुठे दोन थर एकमेकांना भिडले, तर एक घट तापतो, तो शेजारच्याला तापवतो, आणि ही साखळी विमानातल्या अग्निशामक वायूनेही तुटत नाही. ३ सप्टेंबर २०१० रोजी दुबईहून निघालेले एक मालवाहू बोइंग ७४७ आग लागून कोसळले आणि दोन्ही वैमानिक मृत्युमुखी पडले. त्या मालात लिथियमच्या बॅटऱ्या होत्या. १ एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या उतारूंच्या विमानातून माल म्हणून नेण्यास आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने बंदी घातली.

अपंगांच्या साधनांना या बंदीतून वाट ठेवली आहे, परंतु ती वाट मापाची आहे. बॅटरी काढता येण्याजोगी असेल तर ती काढून, टोकांना वेष्टन घालून, उतारूने आपल्याजवळ केबिनमध्ये ठेवायची. लोकांना हे उफराटे वाटते. धोक्याची वस्तू माणसांत आणि निरुपद्रवी स्कूटर खाली! कारण साधे आहे. माणसांत आग लागली तर ती दिसते आणि पाण्याने विझवता येते; पोटात लागली तर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. अशा काढलेल्या बॅटरीची मर्यादा ३०० वॉट-तास. दोन बॅटऱ्यांवर चालणारी स्कूटर असेल तर प्रत्येकी १६० वॉट-तास. हा आकडा काढणे कोणालाही जमेल. बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-तास हे दोन आकडे छापलेले असतात, त्यांचा गुणाकार करायचा. २४ व्होल्ट आणि १० अँपिअर-तास म्हणजे २४० वॉट-तास, ही चालते. २४ आणि १२ चे २८८, हीही चालते. २४ आणि २० चे ४८० झाले, की तिला केबिनमध्ये जागा नाही. बॅटरी न निघणारी, यंत्रात पक्की बसवलेली आणि चहूबाजूंनी संरक्षित असेल तर ती साधनासकट खाली जाते आणि तिला ही मर्यादा लागत नाही. म्हणून विक्रेता ‘एका भरणीत चाळीस किलोमीटर’ असे कौतुकाने सांगतो तेव्हा विमानाने जाणाऱ्याने सावध व्हावे. लांब पल्ल्याची स्कूटर विमानतळापर्यंत उत्तम नेते, पुढे नेत नाही.

इतके सगळे पाळूनही स्कूटर मोडली, तर भरपाई किती? येथे कायद्याची मती उघड होते. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू आहे. भारत त्यात २००९ साली सामील झाला. या कराराच्या दृष्टीने स्कूटर हे सामान. साड्यांची पेटी आणि माणसाचे पाय यांची मर्यादा एकच. २८ डिसेंबर २०२४ पासून ही मर्यादा १,५१९ एसडीआर झाली आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक. रुपयांत ही रक्कम पावणेदोन लाखांच्या आसपास जाते. साध्या स्कूटरची किंमत त्यात निघते, मापाच्या विजेच्या खुर्चीची निघत नाही. करारात एक पळवाट उतारूच्या बाजूचीही आहे: सामान देतानाच त्याचे विशेष मूल्य लिहून दिले आणि कंपनीने मागितल्यास जादा आकार भरला, तर मर्यादा त्या मूल्याइतकी वाढते. देशातल्या देशात तर स्थिती याहून वाईट. २०१९ साली केंद्र सरकारने काढलेल्या विमान उतारूंच्या सनदेत सामानाच्या भरपाईची कमाल रक्कम २०,००० रुपये धरली आहे.

याउलट अमेरिकेत देशांतर्गत उड्डाणांवर सामानाची मर्यादा अपंगांच्या साधनांना लावता येत नाही. साधनाच्या मूळ खरेदी किमतीवर भरपाई ठरते. हे आपोआप झाले नाही. १९८६ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने पक्षाघातग्रस्त माजी सैनिकांच्या संघटनेविरुद्ध निकाल दिला: सरकारी पैसा विमानतळांना मिळतो, कंपन्यांना मिळत नाही, म्हणून भेदभावबंदीचा कायदा कंपन्यांना लागू नाही. संघटना गप्प बसली नाही. त्याच वर्षी अमेरिकी संसदेला विमान कंपन्यांसाठी निराळा कायदा करावा लागला. युरोपीय संघाचा २००६ चा नियमही असाच आहे. त्यानुसार एका अपंग उतारूची दोन साधने, विजेच्या खुर्चीसह, आकाराविना न्यावी लागतात.

परंतु माझ्या मते सर्वांत मोलाचा कायदा मोजदादीचा. डिसेंबर २०१८ पासून अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांना दर महिन्याला किती खुर्च्या व स्कूटरी घेतल्या आणि किती मोडल्या, हरवल्या वा उशिरा दिल्या, हे जाहीर करावे लागते. यासाठी झटलेल्या सिनेटर टॅमी डकवर्थ यांनी इराकच्या युद्धात दोन्ही पाय गमावले आहेत आणि त्या स्वतः चाकांची खुर्ची वापरतात. २०२३ साली हा आकडा ११,५२७ निघाला. म्हणजे दर शंभरांत एकाहून अधिक. आकडा हाती आल्यावर कंपन्यांना ‘तुरळक प्रकार’ म्हणता येईना. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीला पाच कोटी डॉलरांचा दंड झाला. डिसेंबर २०२४ मध्ये नवा नियम आला, आणि त्यात खुर्च्या हाताळणाऱ्या कामगारांना दरवर्षी प्रत्यक्ष हाताने करून शिकवावे असे कलम आहे. कंपन्या लगेच न्यायालयात गेल्या आणि २०२५ मध्ये काही कलमांची अंमलबजावणी सरकारने पुढे ढकलली. आमच्याकडच्या मालकांची चाल मला याहून वेगळी दिसत नाही. आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या मासिक आकड्यांत तक्रारींची वर्गवारी असते. मोडलेल्या खुर्च्यांची निराळी मोजदाद त्यात नसते.

आपल्या देशात लढा अजून पहिल्या पायरीवर आहे. साधन राहू द्या, माणसाला आत घ्या, एवढ्यासाठीच तो चालला आहे. १९ फेब्रुवारी २०१२ रोजी जीजा घोष या कोलकात्याच्या कार्यकर्त्या गोव्याला निघाल्या होत्या. मुंबईच्या ‘अ‍ॅडॅप्ट’ या संस्थेने तिथे परिषद भरवली होती. त्यांना सेरेब्रल पाल्सी आहे. विमानात जाऊन बसल्यावर स्पाइसजेटच्या लोकांनी त्यांना खाली उतरवले. त्या आणि ‘अ‍ॅडॅप्ट’ सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १२ मे २०१६ रोजी न्यायालयाने त्यांना दहा लाख रुपये भरपाई द्यायला लावली आणि अपंगाची प्रतिष्ठा हा हक्क आहे असे बजावले. तरी मे २०२२ मध्ये रांचीला एका अपंग मुलाला विमानात घेतले नाही. इंडिगोला पाच लाखांचा दंड झाला आणि त्यानंतर नियम बदलला: केवळ अपंगत्वामुळे कंपनी नकार देऊ शकत नाही, प्रकृतीची शंका असल्यास डॉक्टरला विचारावे आणि कारण लेखी द्यावे. मुंबईतली घटना आपल्या स्मरणात असेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यूयॉर्कहून आलेले ऐंशी वर्षांचे एक वृद्ध, चाकांची एकच खुर्ची मिळाली म्हणून ती पत्नीला देऊन स्वतः चालत निघाले, तपासणीच्या जागी कोसळले आणि वारले. एअर इंडियाला तीस लाखांचा दंड झाला. खुर्च्यांचा असा तुटवडा असताना धडधाकट माणसांनी रांग चुकवण्यासाठी खुर्ची मागू नये. आपल्यातले सुशिक्षित लोक हे करतात, आणि मुलांना ती युक्ती म्हणून शिकवतात.

स्वतःच्या खुर्चीवरच बसून विमानात प्रवास करता येईल काय, हा प्रश्न साहजिक आहे. रेल्वेत आणि बसमध्ये अनेक देशांत हे चालते. विमानात खुर्ची तळाला घट्ट जखडण्याची सोय हवी आणि अपघाताचा धक्का तिने सोसला पाहिजे. अमेरिकेतल्या एका तज्ज्ञ समितीने २०२१ साली, यात न सुटणारी तांत्रिक अडचण दिसत नाही, असे मत दिले. २०२३ साली हँबुर्गच्या प्रदर्शनात अशा आसनाचा नमुनाही मांडला गेला. नेहमीचे आसन वर उचलले की त्या जागी उतारूची खुर्ची बसते. तो नमुना आपल्या वाट्याला येईपर्यंत पुष्कळ विमाने उडतील. तोवर जायचे त्यांनी काय करावे, हे सांगून थांबतो.

तिकीट काढण्यापूर्वी स्कूटरची लांबी, रुंदी, दांडा दुमडल्यावरची उंची, वजन आणि बॅटरीचे वॉट-तास एका कागदावर लिहावेत. निघण्याच्या किमान ४८ तास आधी कंपनीला लेखी कळवावे, विमान कोणत्या जातीचे आहे ते विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. फोनवर गोड बोलणारा माणूस विमानतळावर भेटत नाही. बॅटरीवरचा छापील आकडा पुसट झाला असेल तर उत्पादकाचे पत्र जवळ ठेवावे. सुटे होणारे सर्व भाग, म्हणजे उशी, टोपली, आरसा, किल्ली, काढून हातात न्यावेत. स्कूटर सोडताना चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत. ती विमानाच्या दाराशीच परत हवी असे सांगावे आणि तसे लिहिलेली चिठ्ठी तिला लागली आहे ना, ते पाहावे. परत मिळताच चालवून बघावी. मोडली असेल तर विमानतळ सोडण्यापूर्वी तिथल्या तिथे नोंद करून प्रत घ्यावी. आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची लेखी तक्रार सात दिवसांच्या आत झाली पाहिजे, नाहीतर हक्क बुडतो.

आणि एक पुठ्ठा करावा. त्यावर मोठ्या अक्षरांत, मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहावे: खिटी कुठे आहे, ती कोणत्या बाजूला फिरवायची, कुठे धरून उचलायचे, कुठे धरायचे नाही, वजन किती, आडवी चालते की नाही. खिटीजवळ लाल फीत बांधावी आणि पुठ्ठ्यावर बाण काढावा, कारण घाईत कोणी वाचत नाही, बाण मात्र दिसतो. पुठ्ठा बैठकीवर चिकटवून वर प्लास्टिक लावावे. पावसाळ्यात मुंबईच्या धावपट्टीवर शाई पाच मिनिटांत वाहून जाते. घरी तो एकदा पारखून घ्यावा. ज्याने स्कूटर कधी पाहिली नाही अशा शेजारच्या मुलाला बोलवावे, काही न सांगता ती हलवायला लावावी, आणि तो जिथे अडेल तेवढा मजकूर बदलावा.

परतीच्या प्रवासाचे ४८ तास निराळे मोजावेत आणि कंपनी तीच असली तरी पुन्हा लेखी कळवावे. विमानाची जात बदललेली असू शकते. मुंबईहून पुढे लहान गावाला जाणारे पंख्याचे विमान असेल तर त्याच्या सामानाच्या दाराचे माप तिकीट काढतानाच विचारून घ्यावे.